हनुवटीवरचा कॅमेरा

आधी कॅमेऱ्याबद्दल सांगतो. त्याबद्दल मी कुणाशीही कितीही वेळ बोलू शकतो. गेली काही वर्षं तेच करत आलोय — कॅमेऱ्याबद्दल बोलायचं, आणि त्याच्या पुढचं निघालं की चहा मागवायचा. ते पुढचं माझ्या बायकोला ठाऊक नाही. ग्रुपमधल्या कुणालाही नाही. तुम्ही पहिले. तुमची-माझी ओळख नाही हे बरंच आहे, निदान हे सांगताना तुमच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही.

मी इंदिरानगरला राहतो. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही काही मित्र मोटारसायकली काढतो. सगळे पन्नाशीकडे झुकलेले, पोटं सुटलेली, अंगात मात्र सैनिकासारखी जॅकेटं. पाथर्डी फाट्यावर चहा, मग कुठेतरी लांब जाऊन मिसळ, आणि जेवायला घरी. या टोळक्यात मिलिंद होता. मिलिंद शाळेत गणित शिकवतो, आमच्या मागच्याच कॉलनीत राहतो आणि माझा मित्र आहे. 'आहे' असं मी म्हणतो. तोही म्हणतो — आणि तिथेच तर सगळं अडलंय.

हेल्मेटवर लावायचा कॅमेरा घ्यायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा मी घरात नुसता देहाने होतो. चित्र हलतं का, बॅटरी किती टिकते, वाऱ्यात आवाज नीट येतो का, धुळीत काच खराब होते का — जेवताना व्हिडिओ, झोपताना व्हिडिओ. बायको म्हणाली, घराला रंग द्यायचा तेव्हा दुकानदाराने दाखवलेला पहिला रंग घेऊन आलास, आणि या डबीसाठी एवढी तपश्चर्या? तिचं खरं होतं. पण मला चॅनेल काढायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेले सुटे भाग तपासले, आता लोकांनी मला बघावं असं वाटत होतं. हसू नका. किंवा हसा.

मिलिंदला कॅमेऱ्यात काडीचा रस नव्हता. पण माझ्यासाठी तो प्रत्येक रविवारी माझ्या शेजारी बसून, गणित सोडवावं तसा, एकेक कॅमेरा खोडत गेला. शेवटी एक ठरला. मग वाद राहिला तो लावायचा कुठे याचा — डोक्यावर, की समोर हनुवटीवर? मी डोक्यावर म्हणत होतो. मिलिंद ऐकेना.

"वर लावलास तर नुसता रस्ता दिसेल, पश्या. रस्ता काय, कुणालाही दिसतो. चालवणारा दिसला पाहिजे. हात, हँडल, गुडघे."

त्यानेच माझं हेल्मेट त्यांच्या गॅलरीत घेऊन बसून हनुवटीची जागा पॉलिश पेपरने घासली, पुसली, पट्टी चिकटवली आणि रात्रभर दाबून ठेवली. सकाळी मी न्यायला गेलो तर संगीतावहिनी पोह्यांची बशी पुढे करत म्हणाल्या, "भाऊजी, आता आमच्याशी बोलताना हनुवटी वर करूनच बोलणार वाटतं?" आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्याचा मला आज राग येतो. माझ्या वाटणीच्या हसण्याचा.

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळणारच नाही. आम्ही एका रांगेत चालवतो. मागच्याला पुढच्याच्या गाडीमुळे रस्ता पुरता दिसत नाही, म्हणून रस्त्यावर खड्डा, खडी, तेल, काहीही असलं की पुढचा माणूस त्या बाजूचा पाय बाहेर काढून दाखवतो. डावीकडे असेल तर डावा, उजवीकडे असेल तर उजवा. मागचा तो बघतो, गाडी सावरतो आणि आपलाही पाय काढून त्याच्या मागच्याला दाखवतो. असा तो पाय शेवटपर्यंत पोचतो. आमच्यात बाकी शिस्त फारशी नाही, उशीर सगळेच करतात, पण पाय कुणी चुकवत नाही. मागचा माणूस तुमच्या पायाच्या भरवशावर चालवत असतो. डोळे झाकून, असं म्हटलं तरी चालेल.

आणि पाय बाहेर काढला की काय होतं? अंग थोडं कलतं. हनुवटी खाली जाते. चित्र हलतं.

आधीच्या दोन राइडचे व्हिडिओ बघताना मला हे दिसलं होतं. छान वळण येतंय, ऊन येतंय, आणि मध्येच सगळं चित्र पाणी हिंदकळावं तसं हिंदकळतंय. मी चिडलो होतो. आणि मी ठरवलं होतं — हो, ठरवलं होतं, हे नीट वाचा — की चांगला रस्ता चालू असताना उगाच पाय काढायचा नाही. फारच मोठा खड्डा असेल तर बघू.

त्या शनिवारी पहिल्यांदाच वहिनी आल्या होत्या. एरवी बायका येत नाहीत. पण आम्ही चांदवडला मिसळ खाऊन लासलगावमार्गे येवल्याला जाणार होतो, आणि वहिनींना येवल्याची मुक्तिभूमी, धर्मांतराची घोषणा झाली ती जागा, बघायची होती. घरातले सगळे कधी ना कधी जाऊन आलेले, त्यांचंच राहून गेलं होतं. मिलिंदच्या मागे त्या बसल्या होत्या, पांढरा पंजाबी ड्रेस, वर मिलिंदचंच जुनं जॅकेट. डिसेंबरची थंडी होती. चांदवडला त्यांनी माझ्या मिसळीत स्वतःच्या हाताने लिंबू पिळलं.

चांदवड सोडलं की रस्ता अरुंद होतो. लाल कांद्याचा मोसम. ट्रॉल्या काठोकाठ भरून जातात, आणि वळणावर कांदे घरंगळतात. मागून येणाऱ्या गाड्या ते चिरडतात, त्यावर दव, आणि मग तिथे साबण घासल्यासारखं होतं. नाशिक जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मला तर नाहीच नाही.

मी पुढे होतो. माझ्या मागे मिलिंद आणि वहिनी, बाकीचे बरेच मागे राहिलेले. डावीकडे वळण होतं, आणि वळणावर डाव्या बाजूला कांदे.

त्यांच्या पडण्याचा आवाज मला हेल्मेटमधून नीट आलाच नाही. आरशात बघितलं तेव्हा मागे कुणी नव्हतं. वळून परत आलो. मिलिंद उठून उभा होता, हाताला खरचटलेलं. वहिनी रस्त्याच्या कडेला होत्या आणि त्यांचा पाय मांडीपासून भलतीकडेच वळलेला होता. त्या ओरडत नव्हत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेतातून माणसं धावत आली. एका बाईने पदराचा बोळा करून वहिनींच्या डोक्याखाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "रोज कोनीतरी पडतंय इथं. तुमी पुढं व्हते ना? तुमाला नाय दिसले का कांदे?"

मी फोन कानाला लावला. फोन कुणालाच लावलेला नव्हता.

मांडीचं हाड मोडलं होतं, खुब्याजवळ. नाशिकला आणलं, ऑपरेशन झालं, आत पट्टी घातली. ऑपरेशन चालू असताना मिलिंद आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. त्याच्या हातावरचं रक्तही कुणी पुसलं नव्हतं. शेवटी त्याने ते स्वतःच रुमालाने टिपलं. मग म्हणाला, "पश्या, तू पाय दाखवला होतास ना?"

त्याने मला विचारलं, बरं का. आरोप नाही केला. त्याला ते खरोखरच आठवत नव्हतं. इथे मी 'नाही' म्हणालो असतो तर काय झालं असतं? त्याने मला शिव्या दिल्या असत्या. कदाचित मारलं असतं. कदाचित काहीच केलं नसतं. मी आजवर मनाने त्या बाकावर जाऊन किती वेळा 'नाही' म्हणालोय, विचारू नका.

मी म्हणालो, "हो. दाखवला होता की."

तो मान हलवत राहिला. "मग माझंच लक्ष नव्हतं," म्हणाला.

संध्याकाळी घरी येऊन मी दार लावून व्हिडिओ बघितला. काय होतं त्यात? सगळं होतं. आम्ही दोघांनी निवडलेला कॅमेरा, उत्तमच होता. पाय बाहेर गेला की गुडघा उघडतो. माझा डावा गुडघा टाकीला चिकटलेला आहे, जरासुद्धा हललेला नाही. कांदे लांबूनच दिसताहेत. आणि हेल्मेटमधला माझा आवाज — वाऱ्यातही स्वच्छ, त्यासाठी वेगळा माइक बसवलेला — माझा आवाज म्हणतोय, "मित्रांनो, हे बघा, आपला नाशिकचा लाल कांदा, रस्त्यावर सांडलाय. इथून जरा जपून जायचं बरं का!"

ऐकलंत? मी सांगितलं होतं. ज्यांना अजून मी माहीतही नव्हतो त्यांना सांगितलं. मागे माझा मित्र त्याच्या बायकोला घेऊन येत होता, त्याला सांगितलं नाही. का? चित्र हललं असतं.

मी तो व्हिडिओ पुसून टाकला. मग कार्डही मोडलं.

पुढच्याच आठवड्यात मिलिंदने क्लिप मागितली. माझ्यावर संशय म्हणून? छे. गणिताचा माणूस, त्याला स्वतःची चूक मांडून बघायची होती — तुझा पाय कुठे निघाला, मी किती आधी बघायला हवं होतं, कुठे चुकलो. मी म्हणालो, बॅटरी बसली होती रे, तिथलं काहीच आलं नाही. त्यावर त्याने काय म्हणावं? "थंडीत बसते. तुला म्हटलं होतं ना, जादा बॅटरी घेऊन ठेव."

माझ्या खोट्याला टेकूही त्यानेच दिला.

वहिनी आता लंगडत चालतात. पूर्वी दोघं दर रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचे. मिलिंद त्रिरश्मी लेणी म्हणतो. आता वहिनी खाली बाकावर बसतात, आणि मिलिंदही वर जात नाही, त्यांच्याजवळ बसून राहतो. येवला राहिलंच. गाडी करून जाऊ म्हटलं की त्या नको म्हणतात. त्यांचा भाऊ मिलिंदशी बोलत नाही. मिलिंदने मोटारसायकल विकली. एकदा मी त्यांच्याकडे बसलेलो असताना वहिनींचा पाय फार दुखत होता, तेव्हा त्या एकदम मिलिंदवर कडाडल्या, "एवढा माणूस पुढे पाय काढून सांगतोय, आणि तुला दिसत नाही? कुठे बघत होतास?" मिलिंदने मान खाली घातली. मी बशीत चहा ओतला. आणि प्यायलो. तो चहा मी पूर्ण संपवला, हे मला सगळ्यात जास्त आठवतं.

मी वाईट माणूस आहे का? हा प्रश्न मी बरीच वर्षं गोंजारला. त्यात एक सोय असते — प्रश्न विचारत राहिलं की काही करावं लागत नाही.

ग्रुपमध्ये नवीन माणसं येतात. मिलिंद चालवत नाही, पण पहिल्या दिवशी स्कूटरवर पाथर्डी फाट्यावर येतो, केवळ त्यांना समजावून सांगायला. सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो, "पुढच्याचा पाय बघा. माझ्या या मित्राने पाय दाखवला होता. मी बघितला नाही. त्याची शिक्षा माझी बायको भोगतेय." असं म्हणताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवतो. दर वेळी. मी उभा राहतो.

गेल्या महिन्यात अशाच एका नव्या माणसाने विचारलं, हेल्मेटला कॅमेरा लावायचाय, कुठे लावू? मिलिंद हसून म्हणाला, "याला विचारा. याने यात पीएच.डी. केलीय." तो माणूस माझ्याकडे वळला. मिलिंदही ऐकत होता. हनुवटीवर लाव, हात दिसतात, गुडघे दिसतात, चालवणारा दिसतो — मिलिंदचंच वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं.

मी म्हणालो, "डोक्यावर लावा. नुसता रस्ता दिसलेला बरा."

मिलिंद माझ्याकडे बघत राहिला. गणित त्याला पटकन सुटतं, पण मित्राच्या बाबतीत तो ते मांडतच नाही. स्कूटर चालू करून तो घरी गेला, वहिनींना व्यायामाला न्यायचं होतं.

त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत मला आजही नाही, म्हणून कागदावर सांगतोय. मिलिंद, मी पाय दाखवला नव्हता. कांदे मला दिसले होते. तुझं लक्ष होतं.

यातलं एकही नाव मी बदललेलं नाही.