सांगून जाणं

१९९१ सालच्या गणेश चतुर्थीचा दुसरा दिवस, दुपारचे चार. बदलापूरला उल्हास नदीच्या काठी आम्ही तिघं उभे होतो: मी, माझी पत्नी आणि माझी धाकटी बहीण सुमा. मूर्ती एकशे पंचवीस रुपयांची, दीड दिवसाची. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात देव नव्हता. सोमवारचं नागपूरचं तिकीट होतं. अंबरनाथच्या कारखान्यातून मला जाण्यायेण्यासकट एकवीस दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवत होते. नाही म्हटलं असतं तर स्टोअर्समधली माझी बढती गेली असती. हे तिकीट मी सुमापासून लपवलं होतं.

सुमा तेव्हा सत्तावीस वर्षांची. तिचं लग्न आठ महिने टिकलं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कामाला लागली, तिथली मैत्रीण दोन महिने तिचा जीव की प्राण होती, आणि एकदा ती हिला सोडून जेवायला बसली म्हणून हिने नोकरीच सोडली. घरात मी तिचा आधार. सोमवारी म्हणायची, "दादा, तू आहेस म्हणून मी आहे." गुरुवारी मला यायला अर्धा तास उशीर झाला की, "तू माझा कोणी नाहीस. सगळे सारखेच." कल्याणच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं होतं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी. म्हणाले, "नाटक समजू नका. जवळचं माणूस नजरेआड झालं की तिच्या लेखी ते कायमचं गेलं. ती भीती खरी असते."

मी मात्र नको ती युक्ती केली. लहान मुलाला खेळात गुंतवून आई हळूच बाहेर सटकते, तशी. आदल्या वर्षी पुण्याला दोन दिवसांचं काम निघालं, तेव्हा 'डबल ड्युटी आहे' असं सांगून गेलो. तिने कारखान्याच्या गेटवर फोन केला आणि तिला खरं कळलं. त्या दिवशी तिने स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. पाच दिवस ती दवाखान्यात होती. एवढं होऊनही मी त्यातून शिकलो एकच, की पुढच्या वेळी अधिक नीट लपवायचं. नवरात्रापर्यंत ती जगेल की नाही, हा हिशोब मी मनात रोज मांडत होतो, आणि तो काही केल्या जुळत नव्हता.

आरती झाली. मूर्ती पाण्यात द्यायची वेळ आली तशी सुमाने ती पाटासकट छातीशी धरली. "नाही द्यायची. दीड दिवसात पाहुण्याला कोण हाकलतं?"

मागे रांग होती. कोणीतरी ओरडलं, "अहो काका, आटपा की! आमचाही बाप्पाच आहे, मुक्कामाला नाही आलोय इथे!" लोक हसले. माझी पत्नी शरमेने इकडेतिकडे बघू लागली. मी सुमाचा हात सोडवायला गेलो, तर तिची पकड आणखी घट्ट झाली.

कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मूर्ती घेणारा एक वयस्कर आगरी शेतकरी होता. त्याने हात पुढे केलाच नाही. म्हणाला, "बाय, नको सोरू. तूच ये पान्यात. दोघां धरू."

ती साडीसकट उतरली. तिला तर पोहता येत नव्हतं. त्याने एका हाताने पाट धरला, दुसऱ्याने तिचं मनगट. एक बुडी, दुसरी बुडी. तिसरीला मूर्ती गेली. सुमा मोठ्याने रडू लागली. त्याने तळातली मूठभर वाळू काढून पाटावर ठेवली, रिकामा पाट घरी न्यायचा नसतो म्हणून. आणि तिचं रडणं न थांबवता म्हणाला, "रर, रर. पन तो सांगून गेलाय ना? सांगून जातं तो येतं, बाय. चोरून जानाऱ्याची वाट कोन बगल?"

हे तो तिला म्हणाला. पण लागलं ते मला. हा माणूस काही अदृश्य झाला नाही. पुढे कित्येकदा तो बाजारात भेंडी विकताना दिसला, आणि त्याला यातलं काहीही आठवत नव्हतं. त्या दिवशी ते शब्द त्याच्या तोंडून कोणी वदवले, यावर मी वाद घालत नाही.

तिथेच, काठावर, मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे तिकीट काढून झालं होतं? आणि काल मला मोदक वाढत होतास! वहिनी, तुलाही ठाऊक होतं?"

"होतं," पत्नी म्हणाली. "मीच म्हटलं होतं, सांगू नका."

दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. रविवारी संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. "परत कधी?"

"एकविसाव्या दिवशी. संध्याकाळी सात."

"सात म्हणजे सात?"

"सात."

सोमवारी निघताना देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो. आजवर मी तिथे फक्त मागण्यांची यादी वाचली होती. त्या दिवशी म्हणालो, "हिला जगवणं माझ्या हातात नाही, ते तुझ्याकडे. सातला पोचणं माझ्याकडे."

नवव्या दिवशी घरून फोन आला. सुमाने माझे तीन सदरे कात्रीने कापले होते. पत्नी दिवसभर तिच्याजवळ बसली, दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. पूर्वीचा मी मिळेल त्या गाडीने धावत आलो असतो. या वेळी थांबलो. ते मला फार जड गेलं.

एकविसाव्या दिवशी गाडी चार तास उशिरा धावली. कल्याणला उतरलो तेव्हा सहाला पाच कमी होते आणि कर्जतकडच्या गाड्या बंद होत्या. रिक्षावाला म्हणाला, "बदलापूर? नब्बे लगेंगे, चाचा. कहीं आग लगी है क्या?"

"सात बजे घर पहुँचना है," एवढंच मी म्हणालो.

उल्हासनगरच्या बाजारात त्याने गल्ल्या काढल्या, अंबरनाथला फाटक उघडं मिळालं. सुमा पायरीवर बसली होती. तिने आत भिंतीकडे वळून पाहिलं. "सातला दोन कमी," म्हणाली. "चहा टाकते."

ती बरी झाली असं मी लिहिणार नाही. त्यानंतरही वाईट दिवस आले, दवाखाना आला. पण मी पुन्हा कधी तिला न सांगता घराबाहेर पडलो नाही, आणि ती आज आहे. माणसाला धरून ठेवणं आपलं काम नव्हे, आपण दिलेला शब्द तेवढा धरावा. बाकीचं ज्याच्याकडे होतं त्याने सांभाळलं, त्याचे उपकार मी फेडू शकत नाही. फेडता आलं ते एवढंच: नव्वद रुपये, रिक्षावाल्याला, घासाघीस न करता.