चपलेचं अभिनंदन

आमच्या पेठेत बेकार माणसाला फुकट चहा एक वेळ मिळणार नाही, पण फुकट सल्ला तोंड धुवायच्या आत मिळतो. मी तर दुहेरी गिऱ्हाईक. नोकरीही शोधत होतो आणि कथाही लिहीत होतो. कुणी म्हणायचं, स्पर्धा परीक्षा दे. कुणी म्हणायचं, पहाटे उठत जा, मोठी माणसं पहाटेच उठतात. हे सांगणारे काका स्वतः उन्हं डोक्यावर आल्यावर ब्रश तोंडात धरून गॅलरीत यायचे. शेजारच्या मावशींचं म्हणणं वेगळं होतं. "लिवायचंच असलं तर लग्नपत्रिका लिव. त्याला मरण न्हाय." तेव्हा मी हसलो होतो. आजवर मिळालेल्या सल्ल्यांत तोच त्यातल्या त्यात बरा होता, हे आता कळतं.

कारण लिहिण्याचं एक काम मला बारमाही होतं. गल्लीतल्या मंडळाच्या फ्लेक्सचे मजकूर मीच लिहायचो. आमच्याकडे फ्लेक्सला मोठं कारण लागत नाही. वाढदिवस झाला, बुलेट घेतली, म्हैस प्रदर्शनात पहिली आली, लाव फ्लेक्स. बक्षिसादाखल मला "भावा, नाद खुळा लिवलंयस" एवढं मिळायचं आणि मी तेवढ्यावर आठवडाभर फुगून राहायचो.

वडिलांचं मात्र त्यानं भागत नव्हतं. ते शाळेत क्लार्क होते, निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी दूधकट्ट्यावर, म्हणजे गवळी समोर म्हैस पिळून पेला भरून देतात तिथं, जाऊन धारोष्ण दूध प्यायचं आणि जुन्या सोबत्यांबरोबर तासभर बोलायचं, एवढी एकच चैन त्यांनी आयुष्यभर केली. माझं शिक्षण संपून बरेच दिवस झाले, तसं कट्ट्यावर "पोरगं काय करतंय?" सुरू झालं. मग वडिलांनी कट्टाच सोडला. घरी पिशवीतलं दूध गरम करून प्यायचे आणि वर "तिथलं पचंना झालंय" म्हणायचे. न पचणारी गोष्ट दूध नव्हती, हे आईला आणि मला कळत होतं. मला नोकरी हवी होती ती पगारासाठी तर होतीच, पण त्याहून जास्त वडील पुन्हा कट्ट्यावर जावेत म्हणून हवी होती.

अशात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून बोलावणं आलं. पंचतारांकित म्हटलं की आमच्या मावशींना हॉटेल वाटलं, पण तो पंप बनवणारा कारखाना होता. पंप कसा बसवायचा, कसा सांभाळायचा, हे सोप्या मराठीत लिहून देणारा माणूस त्यांना हवा होता. मंडळातला एक मित्र मला गाडीवरून घेऊन गेला. मुलाखत बरी झाली. साहेब भला माणूस. मला सोडायला गेटबाहेर आले, टपरीवर चहा पाजला आणि म्हणाले, "कळवतो." मित्र गाडीला टेकून हे सगळं बघत होता.

"सायबानं चा पाजला?"

"पाजला."

"पैसं कुणी दिलं?"

"त्यांनीच."

"मग झालंच की रं काम!"

"अरे, कळवतो म्हणालेत."

"तसं म्हणायचं असतंय."

आता यात त्याची तरी काय चूक? आमच्याकडे नको असलेल्या माणसाला कुणी चहाला थांबवून घेत नाही. पोरगी बघायला गेलेले पाहुणे असोत की म्हैस घ्यायला आलेला गवळी, चहा झाला की गोष्ट ठरली. साहेब बाहेरगावचे होते. एका चहानं आपण केवढा शब्द देऊन बसलोय, याचा त्यांना बिचाऱ्यांना पत्ता नव्हता.

पुढं तोच मित्र घाईघाईत आला. "एका पोराला नोकरी लागलीया. मजकूर दे."

"कुणाला?"

"हाय एक. नाव-फोटो आमी टाकतो."

"वडील काय करतात त्याचे?"

"तुज्या बापासारखंच की. रिटायर."

मी लिहायला बसलो. फ्लेक्सवरचा नेहमीचा ढाण्या वाघ काही पेनातून उतरेना. त्या अनोळखी पोराचा बाप डोळ्यांपुढं आणायला गेलो, तर माझ्याच बापाची दाराशी ठेवलेली चप्पल दिसायला लागली. मग लिहिलं, "बापानं चपलेचा अंगठा शिवून शिवून वापरला, म्हणून पोराच्या पायात बूट आले. आज अभिनंदन त्या चपलेचं!" मित्राला ते जरा गुळमुळीत वाटलं, पण घेऊन गेला.

सकाळी चौकात गेलो तर फ्लेक्सवर मीच. मामेभावाच्या लग्नातला फेटेवाला फोटो, खाली हातभर अक्षरांत तो मजकूर आणि त्याखाली सगळं मंडळ शुभेच्छुक. मी मित्राला गाठलं.

"उतरवा तो आधी! त्यांनी अजून कळवलं नाही!"

"कळवतील की. तुला कसली घाई हाय?"

मी घरी धावलो. मित्रानं चहापासून फ्लेक्सपर्यंतची बातमी माझ्या आधी पोचवली होती. वडील कपाटातला इस्त्रीचा शर्ट बाहेर काढत होते. "पप्पा, अजून पक्कं नाही," म्हटलं, तर म्हणाले, "चा पाजलाय न्हवं?" आणि संध्याकाळी कट्ट्यावर गेलेसुद्धा. त्यानंतर रोज जायला लागले. जाताना चौकात थांबायचे, मान वर करून सगळा मजकूर वाचायचे आणि मग पुढं जायचे. मी ज्यासाठी धडपडत होतो तेच झालं होतं, आणि ते बघून मला रडू यायचं बाकी होतं.

मग एका संध्याकाळी मेल आली. निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. हा मजकूर लिहिणाऱ्याला मंडळात कुणी उभं केलं नसतं.

वडील तेव्हा पेपर वाचत होते. मी सरळ सांगून टाकलं.

"न्हाय झालं?"

"नाही."

त्यांनी पेपराची घडी घातली. मी म्हटलं, "मी आज पोरांना फ्लेक्स उतरवायला सांगतो."

"लिवणाऱ्यानं लई भारी लिवलाय तो," ते म्हणाले. "तुजा तू तर लिवणार न्हाईस. मोबाइलवर येतंय, त्यातलं उचललंय वाटतं पोरांनी."

"मी लिहिलाय, पप्पा. कुणासाठी ते माहीत नव्हतं. पण चप्पल तुमचीच आहे."

कथा लिहायला लागून मला वर्षं झाली होती, पण त्यांनी त्यातलं एकही अक्षर वाचलेलं नव्हतं. तोंडावर तर त्यांना मी कधीच काही चांगलं बोललो नव्हतो. आमच्या घरात तशी रीतच नाही. आणि आता बोललो ते भर चौकात, न लागलेल्या नोकरीच्या निमित्तानं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दाराकडं. मग उठले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि चप्पल पायात सरकवली.

मला राहवेना. मी मागोमाग गेलो. कट्ट्यावर पेला हातात घ्यायच्या आधीच त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "पोराचं काम झालं न्हाय बरं का. पर चौकातलं त्यानं सोता लिवलंय." लगेच सल्ले सुरू झाले. एकानं मला गगनबावड्याला हॉटेल टाकायला सांगितलं. वडील निवांत दूध पीत होते.

फ्लेक्स उतरवला तेव्हा तो वडिलांनीच मागून घेतला. आता आमच्या स्कूटरवर रोज रात्री झाकण म्हणून तोच असतो. फेट्यासकट माझं तोंड सीटवर दुमडलेलं आणि चपलेची ओळ पुढं, हँडलवरून खाली, दारातून नीट दिसेल अशी. मी अजून अर्ज करतोय आणि येणारे-जाणारे तो फोटो बघून हसतात. एकदा मी वैतागून म्हटलं, "पप्पा, सगळे लोक छापील बाजू आत करतात."

ते कडेला दगड ठेवत म्हणाले, "आत केली तर वाचायचं कसं?"