आमटीत आणखी एक तांब्या

शिजून तयार झालेल्या आमटीत वरून तांब्याभर पाणी ओतणारा माणूस मी कितीतरी वर्षं एकच पाहिला. तोही आमच्या विभागातला सगळ्यांत ज्येष्ठ प्राध्यापक, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मेसचे आचारी मामा डोक्याला हात लावून उभे असायचे आणि सर शांतपणे आमटी ढवळून, पळीभर चाखून म्हणायचे, "आता जमली."

आमच्या विद्यापीठात माजी विद्यार्थी संपर्क समिती निघाली, तेव्हा पुण्यात कंप्युटरचं वारं नुकतंच शिरलं होतं. कालपर्यंत हॉस्टेलच्या खिडकीत टॉवेल वाळत घालणारी मुलं एकदम डॉलरमध्ये पगार घ्यायला लागली आणि वरच्या मंडळींच्या मनात त्यांच्याविषयी अचानक जिव्हाळा दाटून आला. समितीत जायला मात्र कोणी तयार नव्हतं. सर आपणहून गेले. मी नोकरीत नवी, त्यामुळे मला कोणी विचारलंच नाही, थेट नाव घातलं.

"यात करायचं काय असतं, सर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"जेवायला बोलवायचं."

"आणि?"

"आणि वाढायचं. घरची माणसं आली की आपण आणखी काय करता, मॅडम?"

झालं, समितीचं धोरण ठरलं. वर्षातून एकदा हॉस्टेलच्या जुन्या मेसमध्ये, पत्र्याच्या शेडखाली मेळावा. भाषणं नाहीत, शाल नाही, नारळ नाही. सिमेंटची लांबलचक बाकं, पोचे आलेली स्टीलची ताटं, भात, एक भाजी आणि ती आमटी. मेळावा मेसमध्येच झाला पाहिजे, एवढा एकच सरांचा हट्ट होता. कोणी पाहुण्यासारखा दारात घुटमळला की सर त्याचं मनगट धरून त्याला आत आणायचे. "अहो, आपण बाहेरचे नाही, बाहेर गेलेले आहात. हात धुवा."

आणि काय सांगू, ती आमटी भुरकताना मोठमोठे साहेब लोक वेडीवाकडी तोंडं करायचे. "अरे देवा, अगदी तश्शीच आहे!" असं कोणीतरी ओरडायचं आणि सगळी पंगत हसत सुटायची. तिथून जे बोलणं सुरू व्हायचं, ते चारपर्यंत थांबायचं नाही.

एके वर्षी सर पेपर तपासणीत अडकले आणि मामांनी संधी साधली. बिचाऱ्यांनाही आपल्या हाताची चव दाखवायची होती. भरपूर तूरडाळ, गूळ, आमसूल, वर खमंग फोडणी. लोक जेवले, "वा" म्हणाले, एकमेकांना व्हिजिटिंग कार्डं दिली आणि दोनच्या आत पांगले. सर पोचले तेव्हा मेस रिकामी होती.

"आज केटरिंग झालं, मॅडम," ते म्हणाले. "मेळावा राहिला."

मामांशी ते आठवडाभर धड बोलले नाहीत. आमटी चांगली केली म्हणून रुसलेला माणूसही मी हा एकच पाहिला.

फोनवर बोलावणं सरांना पटत नसे. खराडीला काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या, तसे ते मला घेऊन तिकडे फिरायला लागले. सर मूळचे शेजारच्या मांजरी गावचे, वडील उसाच्या फडात मजुरीला. एका चकचकीत पार्किंगकडे बोट दाखवून ते म्हणाले, "इथे मी भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्यात." फाटकावरच्या वॉचमनने आम्हाला अडवलं.

"कुनाला भेटायचं हाय?"

"माझ्या मुलाला."

"नाव काय त्याचं?"

"ते आत बघून सांगतो. इथे बरीच आहेत."

वॉचमनने सरांकडे नीट पाहिलं आणि बसायला स्वतःची खुर्ची दिली. सरांनी शिकवलेली मुलं एकेक करून बाहेर आली, आणि शेवटी कंपनीचा मालकच धावत आला. तोही आमच्याच विभागाचा, हॉस्टेलवर राहिलेला. फाटकातच तो सरांच्या पाया पडला. त्या वर्षापासून त्याने एकही मेळावा चुकवला नाही.

पुढचं संकट आलं ते त्याच्याच हातून आणि अगदी प्रेमाने. त्याने विभागाला कंप्युटर सेंटरची इमारत बांधून द्यायचं ठरवलं. जागा शोधता शोधता वरच्या मंडळींची नजर मेसवर गेली. जुनी शेड, गळका पत्रा, पाडायला सोपी. मेळावा इथून पुढे नगर रोडवरच्या हॉटेलात होईल, असंही ठरून गेलं.

मी भडकले. "सर, माणसं तुम्ही जोडलीत आणि त्यांनी तुमचीच मेस पाडायला घेतली. एकदा नाही तरी म्हणा!"

"मुलं शिकणार आहेत, मॅडम. त्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणू?"

असं म्हणाले खरे, पण त्या दुपारी ते मेसच्या शेवटच्या बाकावर एकटेच कितीतरी वेळ बसून होते. मला त्यांची फार कीव आली आणि त्यांचा रागही आला. एका शेडसाठी माणूस इतका का हळवा होतो, हे मला कळत नव्हतं.

मेस पाडली. हॉटेलातल्या मेळाव्याला सर रिक्षातून उतरले ते हातात कडीचा भलामोठा डबा घेऊन. दारातल्या टायवाल्या मुलाने नम्रपणे अडवलं. "सॉरी सर, आउटसाइड फूड अलाउड नाहीये."

"बाहेरचं नाही रे बाबा," सर म्हणाले. "हिचं घर पाडलं, म्हणून इथे आलीय."

तेवढ्यात मालक आला. त्याने डबा स्वतः आत नेला, वाटी भरली आणि उभ्याउभ्याच भुरका मारून हसायला लागला. "सर, आता तरी सांगा. डाळीचे पैसे मी दिले असते. हे पाणी कशासाठी?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं.

"मी पहिल्या वर्षाला होतो तेव्हा माझ्याकडे मेसचा पास नव्हता. जेवायच्या वेळी नळावर पाणी प्यायचो आणि लायब्ररीत जाऊन बसायचो. आम्ही बौद्धवाड्यातले, गावात कधी कोणी पंगतीला बोलावलं नाही. इथे आपणहून जाऊन बसायचा धीर कुठून आणणार? तेव्हा आपल्या मामांचे वडील आचारी होते. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. पास विचारला नाही, आडनाव विचारलं नाही. आमटीत तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाले, बस. जादा ताट आलं की एक तांब्या, असा त्यांचा हिशेब. माझ्यासारखी बरीच होती. तुमच्या काळातही होती. तुम्ही शिव्या घालत जेवायचात, तेव्हा ती तुमच्याच शेजारी बसलेली असायची."

मालकाने हातातली वाटी खाली ठेवली.

"तुझी इमारत चांगलीच होईल," सर मालकाला म्हणाले. "फक्त पास नसलेला पोरगा आता कुठे बसेल, एवढंच माझ्या मनात येतं."

मालकाने नकाशा बदलून घेतला. तळमजल्यावर मेस आली. पत्र्याच्या जागी स्लॅब, सिमेंटच्या बाकांच्या जागी टेबलं, आणि दारात पास विचारायचा नाही, हा नियम. मेळावा पुन्हा घरी आला. निवृत्तीनंतरही सर त्या दिवशी सकाळीच स्वयंपाकघरात हजर असायचे आणि मामा त्यांना बघताच तांब्या लपवायचे.

शेवटच्या आजारपणात मी त्यांना भेटायला गेले, तर दवाखान्यातलं वरण फार घट्ट असतं अशी त्यांची तक्रार चालली होती. हिवाळ्यात ते गेले. मामाही थकून गावी गेले होते.

त्यानंतरच्या मेळाव्याला आमटी नव्या आचाऱ्याने केली. दाट, पिवळीधमक, वास दारापर्यंत येणारी. लोक ताटं घेऊन बसले, पण भात कालवायला कोणाचा हात पुढे जाईना. मलाही घास उचलवेना. तेवढ्यात मालक उठला, कोटाच्या बाह्या मागे सारल्या, पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरला.

"अहो साहेब, बिघडेल ती!" आचारी ओरडला.

मालकाने तांब्या आमटीत रिकामा केला आणि पळीने हळूहळू ढवळायला लागला.

"असू दे," तो म्हणाला. "आज एक ताट जादा आहे."