अण्णांनी पुसलेली माणसं

आमच्या सासऱ्यांना राग आला की ते माणसाला पुसून टाकत. तोंडानं एक शब्द बोलत नसत. जिना चढून माडीवर जायचे, कॉम्प्युटर सुरू करायचे, वंशावळीच्या प्रोग्राममध्ये त्या माणसाचा चौकोन शोधायचे आणि डिलीट दाबायचे. प्रोग्राम बिचारा सभ्य होता. नक्की पुसायचं का, असं विचारायचा. अण्णांना आयुष्यात इतक्या अदबीनं कुणी काही विचारलं नव्हतं. ते 'येस' करायचे आणि खाली येऊन शांतपणे जेवायला बसायचे. चेहरा फारच प्रसन्न दिसला की सासूबाई मला हळूच विचारायच्या, "आज कोण गेलं गं?"

हुबळीच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान. ते दोन्ही मुलांच्या हाती सोपवल्यावर अण्णांना करमेना. परदेशातल्या एका पुतण्यानं वंशावळीच्या प्रोग्रामची सीडी पाठवली आणि घराची शांतता संपली. माझं लग्न ठरलं ते त्याच सुमारास. बेळगावला मला पाहायला आले, तेव्हा स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, काही नाही. अण्णांनी एवढंच विचारलं, "फाइल सेव्ह करता येते काय?" मी कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला. मला वाटलं, अगंबाई, किती पुढारलेलं घर!

पुढारलेल्या घरात आल्यावर पाहिलं तर एकाच वंशावळीच्या पाच फाइली. 'कुळ', 'कुळ नवीन', 'कुळ खरं', 'कुळ खरं नवीन' आणि 'हेच कुळ'. यातलं चालू कुळ कुठलं, हे फक्त अण्णांना माहीत, आणि तेही सकाळच्या वेळीच. अमावास्येला दुकानात पूजा झाली की माडीवर बॅकअप. तीन फ्लॉप्या, तिन्ही स्टीलच्या एकाच डब्यात, डबा कॉम्प्युटरच्याच टेबलावर. म्हणजे आग लागली तर सगळं एकदमच जावं, शोधाशोध नको.

"बॅकअप कशाला असतो, सांग," असं ते मला अधूनमधून विचारत आणि उत्तरही तेच देत. "माणूस रागात पुसतो. मग राग उतरतो. मग माणूस परत पाहिजे होतो."

आमचे धाकटे जावई असे दोनदा गेले आणि दोनदा परत आले. त्यांना अजून पत्ता नाही.

"अण्णा, जुना बॅकअप घातला की जुनी फाइल अख्खी परत येते," मी सांगून पाहिलं. "मधल्या दिवसांत जे नवीन भरलंय ते जातं."

"पन्नास वर्षं गोडाऊन सांभाळलंय मी. मला शिकवू नको."

त्या वंशावळीत पुरुष होते सात पिढ्यांचे. बायकांच्या चौकोनात नुसतं 'सौ.'. मी विचारलं तर म्हणाले, "लग्नात नाव बदलतं. मग कुठलं घालायचं?" मी म्हटलं, "दोन्ही घालू." ते म्हणाले, "कुणाला माहीत आहेत?" हा प्रश्न त्यांनी मला गप्प करायला विचारला होता. पण उत्तर अळणावरला जिवंत होतं. अण्णांचे धाकटे भाऊ नाना तिथं लाकडाचा व्यापार करत आणि त्यांच्याकडे गंगाक्का राहायच्या, म्हणजे अण्णांची आत्या. वय नव्वदीच्या पुढं, दात एक, आठवण शाबूत.

मी आणि अण्णा अळणावरला गेलो. गंगाक्का अंगणात बसून अण्णांना एकेक नाव सांगत होत्या, मी वहीत लिहीत होते. "तुझी पणजी. सासरी लक्ष्मी. माहेरी चंद्री. चिकोडीची. चंद्री म्हणून हाक मारली की रडायची, म्हणून कुणी मारत नव्हतं." अशा एकेचाळीस बायका. अण्णा आधी जांभया देत होते. चंद्रीपाशी सरळ होऊन बसले.

घरी येऊन आठवडाभरात मी सगळं फाइलीत भरलं. भरून झाल्यावर अण्णांनी वही फाडून बंबात घातली. "कॉम्प्युटरात गेलं की कागदाला काय किंमत?" एक गोष्ट मात्र केली: फाइलीची एक प्रत नव्या फ्लॉपीवर घेऊन नानांच्या बायकोला, शांताक्कांना पाठवली. "यात आपले सगळे पूर्वज आहेत, नीट ठेव," असा निरोपही दिला.

पुढच्याच आठवड्यात एका लग्नात अण्णा नव्या व्याह्यांना सांगत होते, की आमचे मूळ पुरुष मिरजेकडून फौजेबरोबर चिटणीस म्हणून आले. नाना शेजारीच जिलबी खात होते. म्हणाले, "कसला चिटणीस? बैलावर भांडी लादून आला होता म्हातारा. गंगाक्काला विचारा." मांडव हसला. संध्याकाळी अण्णा माडीवर गेले. नानांचा चौकोन गेला आणि त्यांची तीन मुलं बापाविना पडद्यावर लोंबकळत राहिली.

अमावास्या यायच्या आत गंगाक्का गेल्या. दहाव्याला नदीवर नाना लहान मुलासारखे रडले. अण्णांनी त्यांचा हात धरला तो परत निघेपर्यंत सोडला नाही. हुबळीला येऊन, पायही न धुता ते वर गेले. डब्यातली फ्लॉपी काढली आणि गेल्या अमावास्येचा बॅकअप चालू फाइलीवर घातला. नाना परत आले. अण्णांचे डोळे भरून आले, आणि त्याच भरात त्यांनी तिन्ही फ्लॉप्यांवर ताजा बॅकअपही घेतला. चूक कायम टिकावी म्हणून माणसानं आणखी काय करावं?

दुसऱ्या दिवशी गंगाक्कांची तारीख भरायला मी फाइल उघडली. सगळीकडे पुन्हा 'सौ.', 'सौ.', 'सौ.'.

"अण्णा, बायका गेल्या."

"फाइल उघडते नव्हं?"

"उघडते. माणसं नाहीत आत. तुम्ही जुना बॅकअप घातलाय."

ते पडद्याकडे बघत राहिले. मला फार काही बोलायचं होतं, गोडाऊनसकट. पण त्यांनी खुर्चीचा हात असा धरला होता की मी स्टूल ओढून शेजारी बसले. ते म्हणाले, "चंद्री?"

"तीपण."

"आता विचारायलाही कोण नाही," ते म्हणाले.

शांताक्कांच्या फ्लॉपीची आठवण मला झाली. पण ती मागायची म्हणजे कारण सांगावं लागणार. सकाळच्या गाडीनं आम्ही अळणावर गाठलं. अण्णा ओसरीवर उभेच राहिले.

"नाना, मी तुला पुसलं होतं."

"कुठनं?"

"कॉम्प्युटरातनं. त्या लग्नानंतर."

नानांनी विचार केला. "मग परत घातलंस काय?"

"घातलं."

"मग बिडु की. सोड." नाना चहा सांगायला उठले.

"बस खाली," अण्णा म्हणाले. "तुला घालताना गंगाक्कानं सांगितलेल्या आज्या-पणज्या सगळ्या गेल्या. तुमच्याकडची फ्लॉपी आहे काय?"

शांताक्का आत गेल्या आणि देवघरातून फ्लॉपी घेऊन आल्या. तिच्यावर हळद-कुंकवाचा थर, कोपऱ्यात वाळलेली शेवंती चिकटलेली. पूर्वज आहेत म्हटल्यावर बाई रोज पूजा करत होत्या. मी घाबरून विचारलं, "काकू, अभिषेक नाही ना केला?"

"छे. तो देवांना. हिला नुसती ओल्या फडक्यानं पुसते."

परतीच्या गाडीत अण्णा ती फ्लॉपी रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. घरी आल्यावर मी तिची पत्र्याची झडप सरकवून आतलं कुंकू फुंकरलं आणि ती घातली. कॉम्प्युटर घरघरला. वाचता येत नाही म्हणाला. पुन्हा घातली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बराच वेळ दळण दळल्यासारखा आवाज आला आणि फाइल उघडली. नाना होते. बायकाही होत्या, एकेचाळीसच्या एकेचाळीस. अण्णांनी एकेक नाव मोठ्यानं वाचलं, इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून, सासरचं आणि माहेरचं. मध्ये मी काही बोलायला गेले तर हातानं थांबवलं. सासूबाई पदराला हात पुसत जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेवटी अण्णा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुझं माहेरचं नाव काय गं?" लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती.

यानंतर अण्णा सुधारले, असं लिहायला मला आवडलं असतं. पुसापुशी चालूच राहिली. फक्त आधी मला हाक मारायचे, "सुमन, बॅकअप घे. एकाला पुसायचंय." मी घ्यायचे, आणि एक प्रत माझ्या कपाटात ठेवायचे. पुढं बॅकअपलाही सीड्या आल्या, फ्लॉप्या गेल्या. अण्णाही एका दुपारी आरामखुर्चीत वाचता वाचता गेले, कुणाशी भांडण चालू नसताना. त्यांना ते आवडलं नसतं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगल्यावर मी त्यांची तारीख भरली. मग सहज माझा स्वतःचा चौकोन उघडला. तो अण्णांनीच भरला होता, मी कधी पाहिला नव्हता. टिपणाच्या जागी लिहिलं होतं: 'सून. बेळगावची. फार बोलते. बहुतेक वेळा बरोबर बोलते. हे तिला सांगू नये.'

पडदा दिसेनासा झाला तेव्हा उठून तोंड धुऊन आले. त्या टिपणात मी एका अक्षराचा बदल केलेला नाही. प्रती मात्र काढल्या. एक बेळगावला माहेरी, एक अळणावरला, आणि एक कागदावर छापून, मला बडबडी म्हणणाऱ्या थोरल्या जाऊबाईंच्या हातात.