पट्टी राहिली

जुन्या मोटारीची पुढची काच बसवणं हे एकट्याचं काम नव्हे. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी घालायची. मग आतल्याने दोरी ओढत जायची आणि बाहेरच्याने तळहातांनी काच दाबत जायची. गॅरेजातला काचमामा कायम बाहेर आणि त्याची बायको, म्हणजे मामी, कायम आत. मदतनीस आले नि पळाले, मामी टिकली. न टिकून सांगते कुणाला!

त्या दिवशी काच झटक्यात बसली. मामा घाम पुसत वळला आणि पाहतो तर काय? चकचकीत पट्टी बाकावर तशीच! ही पट्टी आधी रबरात बसवायची असते. नंतर ब्रह्मदेव आला तरी ती आत जात नाही. नवशिक्याने केली तर कानाखाली बसेल, अशी ही चूक. पण मामाचा उजवा खांदा कामातून गेला होता. दुखण्याची गोळी घेऊन, तिचा असर आहे तोवर उरकू म्हणून त्याने घाई केली. मामीला त्याने पत्ता लागू दिला नव्हता. कळलं तर ती हे काम कायमचं बंद करायला लावेल, ही धास्ती.

"वरून चिकटवून टाका की," मामी म्हणाली.

"आणि चार दिवसांत लोंबायला लागली की शिव्या कोण खाणार?"

काच काढली. बाबापुता करत काढली, कारण तडकली असती तर दुसरी मिळणार नव्हती. पट्टी बसवली, पुन्हा दोरी घातली. दमून दोघांचा पार पिट्ट्या पडला होता. अर्ध्यावर आले आणि खांद्याने दगा दिला. काच कलली, मामाने ती कशीबशी छातीने अडवली.

मामी धावत बाहेर आली, काच धरली. "बसा आत."

"मी?"

"नाहीतर काय, इथे उभे राहून फोडणार?"

आत बसून मामा डाव्या हाताने दोरी ओढू लागला. समोर, काचेपलीकडे वीतभर अंतरावर मामीचा चेहरा. आवळलेले ओठ, कपाळावरची शीर, सगळं स्वच्छ दिसत होतं. म्हणजे इतके दिवस हिलाही आपला चेहरा असाच दिसत होता! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काच बसली, पट्टीसकट. कुणालाच आनंद करायचं त्राण नव्हतं.

"तुला ठाऊक होतं," मामा आतूनच म्हणाला.

"केव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

मामी बॉनेटला टेकून हात चोळत होती. "बोलले असते, तर तुम्ही काम सोडून घरी बसला असता. आणि तुम्हाला घरी बसलेलं मला बघवलं नसतं."