अंधारातून मिळालेली सूट

सातपूरच्या त्या प्रशिक्षण केंद्रात एक खोली अंधारी होती, आणि तिच्यात मी जाऊ नये असं ठरलेलं होतं. कोणी ठरवलं, कोणत्या नियमानं ठरवलं, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही बरेच दिवस विचारलं नाही. न विचारणं हा माझा स्वभाव आहे. पण राग येण्यासाठी स्वभावाची परवानगी लागत नाही. तो तेव्हा आला आणि अजून गेलेला नाही.

पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर मी बरीच वर्षं घरीच होते. सासूबाईंचं आजारपण, मुलीची शाळा आणि दुपारच्या शिकवण्या यांमध्ये प्रकाशशास्त्राची पुस्तकं माळ्यावर गेली. मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली तेव्हा, दोन हजार सालानंतरच्या त्या काळात, मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात कंत्राटावर लागले. माझ्याबरोबर लागलेली मुलं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची होती. कारखाना पंपात बसणाऱ्या सील रिंगा बनवत असे. पाणी गळू नये म्हणून या कड्या इतक्या सपाट घासाव्या लागतात की त्यांचा सपाटपणा कोणत्याही पट्टीला किंवा मायक्रोमीटरला कळत नाही. तो प्रकाशानंच मोजावा लागतो. मोजायचं आणि अहवालावर सही करायची, हा निरीक्षकाचा अधिकार होता. माझ्याकडे फक्त आकडे उतरवून घेण्याचं काम होतं. प्रकाशीय मापनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला तर मला सही मिळणार होती, आणि सहीबरोबर कायम नोकरी. या वयात दुसरी संधी कोण देणार, हे मला न सांगता कळत होतं.

कारखान्यानं दोघांना पाठवलं: मला आणि नामपूरकडच्या एका सहकाऱ्याला. वर्गात बाकी सगळे पुरुष होते. शिकवणारा पुण्याहून येणारा एक तरुण इंजिनिअर होता. तो मला काकू म्हणे. केंद्राच्या प्रमुखांना सगळे नुसतं सर म्हणत.

पहिला आठवडा फळ्यावर गेला. मग प्रात्यक्षिकाचा दिवस आला. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली कडीवर काचेची सपाट चकती ठेवली, की काळे पट्टे उमटतात. पट्टे सरळ आले तर पृष्ठभाग सपाट, वाकडे आले तर नाही. खोलीत बाहेरचा उजेड असला तर ते फिके पडतात, म्हणून खिडक्यांना काळा कागद आणि दाराला जाड पडदा होता. सगळे आत निघाले, मीही निघाले. सरांनी दारातच मला थांबवलं.

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा."

मला वाटलं, जागा अपुरी असेल. मी दुसऱ्या तुकडीबरोबर जाईन म्हटलं.

"तुकडीचा प्रश्न नाही हो. आत दिवे बंद असतात. इतके पुरुष, त्यात तुम्ही एकट्या. बरं दिसत नाही."

"सर, माझी चाळिशी उलटून गेली आहे."

"म्हणून तर म्हणतो. मोठ्या माणसानं समजून घ्यायचं असतं. उद्या कोणी काही बोललं तर नाव केंद्राचं जाईल."

मी समजून घेतलं. म्हणजे, गप्प बसले. त्या काळी मला या दोन गोष्टी एकच वाटत. वीस वर्षांची असताना कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत मी वर्गातल्या मुलांच्या शेजारी बसून असेच पट्टे मोजले होते. तेव्हा कोणाचं नाव गेलं नव्हतं. हे उत्तर मला घरी पोचल्यावर, कुकर लावताना सुचलं.

माझी सोय मात्र करण्यात आली होती. केंद्रानं नुकतीच आभासी वास्तवाची यंत्रणा आणली होती: संगणकाला जाड वायरीनं जोडलेला, डोक्यावर चढवायचा एक अवजड टोप. सगळे त्याला हेल्मेट म्हणत. पाहुणे आले की सर त्यांना तो घालून दाखवत. आता तो मला मिळाला. अंधाऱ्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये, पंख्याखाली, खुर्चीवर बसून मी ते हेल्मेट घालायची. चष्मा काढावा लागे आणि अंबाडाही सोडावा लागे, नाहीतर मागचा पट्टा बसत नसे. जाणारे-येणारे थांबून बघत. एकदा कोणीतरी म्हणालं, "मॅडम चंद्रावर निघाल्या." हसू मला ऐकू आलं. हसणारे कोण, ते दिसण्याची सोय हेल्मेटमध्ये नव्हती.

आतलं चित्र सुबक होतं. स्वच्छ टेबल, पिवळा दिवा, कडी, काच. हवेत तरंगणारा एक हात माझा आहे असं समजायचं होतं. त्या हातानं काच कडीवर ठेवली की पट्टे उमटत. दर वेळी तेच, तितकेच, तसेच. पण या मापनातली खरी विद्या त्यानंतर सुरू होते. काचेची कड बोटानं अगदी हलकेच दाबायची असते. पट्टे कसे सरकतात त्यावरून पृष्ठभाग फुगीर आहे की खोलगट, ते ठरतं. माझ्या तरंगत्या हाताला बोटं होती, पण दाब नव्हता. मी दाबत राही आणि पट्टे हलत नसत. पडद्यापलीकडे वर्गातली माणसं खऱ्या काचा दाबत होती. "सरकला, सरकला," असं कोणीतरी ओरडल्याचं मला ऐकू येई.

मधल्या सुट्टीत नामपूरकर सहकारी माझी समजूत काढत असे.

"ताई, आत काहीच नही शे. पिवळा उजेड शे अन् आमचा घाम शे. तुम्ही पंख्याखाली बसतात, नशीब समजा."

"मग उद्या तुम्ही बसा माझ्या जागी."

"ना बुवा. माले चक्कर येस त्या डबड्यात."

तो वाईट माणूस नव्हता. मला चक्कर येते का, हे त्यानं विचारलं नाही, इतकंच. येत होती.

शेवटी परीक्षा झाली. लेखी परीक्षेत माझे गुण चांगले होते. प्रात्यक्षिक अंधाऱ्या खोलीत होतं. सरांनी वर्गासमोर जाहीर केलं, "मॅडमना प्रात्यक्षिकातून सूट." मागच्या बाकावरून एक आवाज आला, "मजा आहे बुवा ताईंची." मला वर्गाचे सरासरी गुण देण्यात आले.

आठवड्यानं कारखान्याच्या व्यवस्थापकांनी बोलावलं. निरीक्षकाची सही नामपूरकर सहकाऱ्याला मिळाली होती.

"मॅडम, तुमचं काही करता येत नाही. प्रत्यक्ष हाताळणी झालेली नाही तुमची. तुम्ही सूट घेतलीत ना?"

"घेतली नाही. दिली."

"केंद्रातून फोन होता. मॅडमनी सूट घेतली म्हणाले. असो, एकच."

एकच नव्हतं. माझ्या सगळ्या शिक्षणानं मला त्या क्षणी एवढंच शिकवलं होतं, की देणं आणि घेणं ही दोन क्रियापदं आहेत. ज्यांनी मला दारातून मागं फिरवलं, त्यांनी जगाला सांगितलं की मीच आत यायला नको म्हणाले. बायका सवलती मागतात, हे वाक्य आता माझ्या नावावर जमा झालं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सातपूरला गेले. सरांसमोर बसल्यावर माझा आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला. "मला परीक्षा द्यायची आहे. आत."

"अहो, तुम्ही उत्तीर्ण आहात."

"आत," मी पुन्हा म्हटलं.

त्यांनी तरुण शिक्षकाला हाक मारली. बराच खल झाला. दार उघडं ठेवून परीक्षा घ्यावी, असं सरांनी सुचवलं. उजेड आला तर पट्टे दिसणार नाहीत, असं शिक्षक म्हणाला. मग मी आणि शिक्षक आत जाऊ, असं मी म्हटलं. यावर दोघेही खाली पाहू लागले. तो पंचविशीचा मुलगा, ज्याची मी आई शोभले असते. अखेर तोडगा निघाला तो असा: मी एकटी आत जाईन, दार बंद होईल, शिक्षक पॅसेजमध्ये उभा राहील आणि मी आतून ओरडून निकाल सांगेन.

मी आत गेले. त्या खोलीत भीती वाटावी असं काही नव्हतं. दिवा, टेबल, फडक्यात गुंडाळलेल्या काचा. मी काच पुसली, कडीवर ठेवली, कडेला बोट टेकवलं. पट्टे सरकले. इतक्या वर्षांनी माझ्या बोटाखाली काहीतरी हललं होतं, आणि मला आनंद होण्याऐवजी संतापानं डोळे भरून आले, कारण एवढ्याचसाठी मला बाहेर बसवलं होतं.

"फुगीर आहे," मी दाराकडे तोंड करून ओरडले. "दोन पट्ट्यांइतकी."

बाहेर कागदांची सळसळ झाली. "बरोबर, काकू," शिक्षक म्हणाला.

मी दार उघडलं. सरांनी हात मागे बांधले होते. "उत्तर बरोबर आलं, छान झालं. पण आत बघायला कोण होतं? परीक्षकाच्या नजरेसमोर झालेलं नाही. मी सही कशी करू?"

मी पर्स उचलली आणि निघाले. शब्द सापडले नाहीत म्हणून नव्हे. सापडलेले शब्द मी आयुष्यात कधी उच्चारले नव्हते.

पुढचा भाग थोडक्यात सांगते. सहकाऱ्याला पट्टे दिसत, पण त्यांचा अर्थ लावताना तो गोंधळे. व्यवस्थापक मला म्हणाले, "तुम्ही बघून सांगत जा, सही तो करेल." मी नाही म्हटलं. ज्याची सही, त्यानंच बघावं. हे मी इतक्या हळू बोलले की मला दोनदा सांगावं लागलं. ग्राहकाचा माल तपासणीच्या टेबलावर अडला. दुपारी गाडी दारात उभी राहिली. ड्रायव्हर सारखा आत येऊन विचारू लागला. मी माझ्या खुर्चीवर बसून होते.

व्यवस्थापकांनी माझ्यासमोरच सातपूरला फोन लावला. बोलणं फार झालं नाही. "हो सर... नाही, तसं काही नाही... गाडी उभी आहे ना सर." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. केंद्रानं माझं प्रात्यक्षिक पूर्ण झाल्याचं मान्य केलं होतं. पत्र मागाहून येणार होतं. ना कोणी पुन्हा परीक्षा घेतली, ना कोणी आत डोकावून पाहिलं. मुलीच्या वयाच्या पोरांसमोर महिनाभर ज्या नियमाच्या नावाखाली मला पॅसेजमध्ये बसवलं, तो नियम चहा गार होण्याच्या आत सुटला होता. माझ्यासाठी सुटला नव्हता; गाडीसाठी सुटला होता.

मी कड्या तपासल्या. चांगल्या होत्या. अहवालावर माझी पहिली सही केली.

"अभिनंदन, मॅडम," व्यवस्थापक म्हणाले. "पेढे पाहिजेत बरं का. नोकरी पक्की झाली."

विभागातले सगळे उद्या पेढे मिळणार म्हणून माझ्याकडे बघत होते. मी चष्मा पुसला, पुढची पेटी ओढली आणि कामाला लागले. पेढे मी त्यांना दुसऱ्या दिवशी दिले नाहीत, आणि नंतरही कधी दिले नाहीत.