तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’
सव्विसाव्या वर्षी मी टर्म इन्शुरन्स घ्यायचं ठरवलं, त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. नागपूरजवळच्या वाडीतल्या गोदामात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी महिनाभर कान खात होता: वय कमी तोवर हप्ता कमी, तिशीनंतर महाग पडतं. घरात मी आणि आई, दोघंच. मिळवता मी एकटा. मी गेलो तर आईचं काय, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्याने विचारलं, म्हणून विमा कंपनीला फोन लावला.

कंपनीच्या बाई हिंदीतून प्रश्न विचारत होत्या. वडील हयात आहेत का? नाही. कशाने गेले? तोंडाच्या कॅन्सरने. दारू? नाही. सिगारेट? नाही. तंबाखू? नाही. मी पटापट उत्तरं देत होतो. मधेच एकदा ‘एक मिनट’ म्हणून गोदामाच्या मागे जाऊन थुंकून आलो, कारण तोंडात खर्रा होता.

मी खोटं बोललो नव्हतो, हे नागपूरबाहेरच्या माणसाला पटणार नाही. आमच्याकडे खर्रा म्हणजे खर्रा. पानठेलेवाला सुपारी, चुना आणि तंबाखू प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून तो आपल्यासमोर बनवतो. तंबाखू त्यात पडताना आपण डोळ्यांनी पाहतो, तरी तंबाखू खाणारा म्हणजे कोणीतरी दुसरा. तंबाखू बाबा खायचे, तळहातावर मळून. मी सभ्य माणूस, दिवसाला चार पुड्या.

पुढच्या रविवारी सकाळी रक्त-लघवीचे नमुने घ्यायला एक पन्नाशीचा टेक्निशियन आमच्या हुडकेश्वरच्या घरी आला. आधी त्याने कागद काढला.

“तंबाखू, खर्रा, गुटखा?”

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “छ्या! माह्या पोरानं सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही कधी. बाबाचं सगळं पाहिलं नं त्यानं.”

हे ती माझ्यासाठी आलेल्या प्रत्येक स्थळाला सांगते, याच शब्दांत आणि याच तोऱ्यात. मी मान खाली घातली. टेक्निशियनने एकदा माझ्या दातांकडे पाहिलं. मग “पोहे खाल्ले का सकाळी? उपाशीपोटी लागते,” असं काहीतरी म्हणून नमुने न घेताच बॅग बंद केली. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो, तेव्हा त्याने आवाज खाली आणला.

“भाऊ, लघवीत सापडते हे. अन् ‘नाही’ लिहिलं आणि मागून खोटं निघालं, तर मावशीले एक रुपया नाही भेटणार. आठ दिवस सोडून द्या. मी पुढल्या रविवारी येतो.”

माणूस भला होता. एकाच दमात त्याने मला इशाराही दिला आणि पळवाटही.

आठ दिवसांचं काय एवढं, असं मला वाटलं. सोमवार निघाला. मंगळवारी डोकं ठणकायला लागलं आणि सहकाऱ्यावर मी उगाच खेकसलो. बुधवारी जेवण झाल्यावर पानठेल्यासमोर उभा होतो. ठेलेवाल्याने न विचारता घोटायला घेतलं, मीही नको म्हटलं नाही. पन्नी हातात आली तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. बाबांना सोडवत नव्हतं, तेव्हा मी त्यांना फार टाकून बोलायचो. मनात आणलं तर एका दिवसात सुटतं, असं मी त्यांना एकदा डॉक्टरांसमोर ऐकवलं होतं. ते आठवलं, आणि मग मी खर्रा खाल्ला.

रविवारी टेक्निशियन परत आला. मी उपाशीपोटी बसलो होतो, आई समोरच्या दिवाणावर मटार सोलत होती.

“मग? ‘नाही’च लिहू नं?” त्याने विचारलं.

“नको,” मी म्हणालो. “खर्रा खातो. दिवसाला चार.”

त्याने तसं लिहिलं, नमुने घेतले, हप्ता बराच वाढेल म्हणाला आणि चहाला न थांबता गेला. आईने मटारची परात बाजूला सारली. ती रडेल, बाबांचं नाव काढेल, निदान चार शिव्या देईल, अशी माझी तयारी होती.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“कॉलेजपासून.”

म्हणजे बाबा दवाखान्यात होते तेव्हापासून. हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ती उठली, स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आली, मोबाइलचा टॉर्च लावला.

“खिडकीजवळ ये. आ कर.”

बाबांच्या आजारात दोन वर्षं रोज सकाळी ती हेच करायची. कुठे पाहायचं ते तिला सांगावं लागत नव्हतं. चमच्याच्या दांड्याने तिने एक गाल बाजूला केला, मग दुसरा. हिरड्यांच्या मागे पाहिलं, जिभेखाली पाहिलं, पुन्हा पहिल्या गालावर आली. माझा जबडा दुखायला लागला, तरी मी हललो नाही. लहानपणानंतर इतक्या जवळून तिचा चेहरा मी पाहिला नव्हता. ती घाबरलेली होती.

“अजून तरी काही नाही,” ती म्हणाली आणि टॉर्च बंद केला.